ज्योतिर्गणिताचे उपासक : व्यंकटेश बापूजी केतकर

नंदगड-खानापूर भागात पंचांग किंवा पंचांगाधारे छापलेली दिनदर्शिका नसलेले घर शोधूनही सापडणे कठीण. कोणाकडे मराठी, कोणाकडे कानडी, तर कोणाच्या घरी दोन्ही असतात. एकादशी केव्हा, संकष्टीचा चंद्रोदय किती वाजता, ग्रहणाचा स्पर्श आणि मोक्ष केव्हा, हे पाहण्यासाठी आपण त्यातील आकड्यांवर निःशंकपणे विसंबतो. हे आकडे कोण काढतो आणि ते खरे कशावरून, असा प्रश्न मात्र आपल्या मनात सहसा येत नाही. अनेक पंचांगांच्या मुखपृष्ठावर वा प्रस्तावनेत केतकी चित्रापक्षीय गणित असा उल्लेख असतो. पुष्कळांना तो केतकीच्या फुलावरून आला असावा असे वाटते. वस्तुतः केतकी हे एका ग्रंथाचे नाव आहे आणि ते ग्रंथकर्त्याच्या आडनावावरून आलेले आहे. हे ग्रंथकार म्हणजे ज्योतिर्विद कै. व्यंकटेश बापूजी केतकर. त्यांचा जन्म नरगुंदचा, शिक्षण बेळगावचे, नोकरी बागलकोटची आणि उत्तरायुष्य विजापूरचे. म्हणजे त्यांचे सारे जीवन मराठी आणि कानडी या दोन भाषांच्या शेजारात, आपल्याच परिसरात गेले. ग्रंथालयाच्या शतसांवत्सरिक उत्सवाच्या निमित्ताने या उपेक्षित गणितज्ञाच्या कार्याचा परिचय आपल्या वाचकांना करून देण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

नरगुंद आणि बेळगाव

केतकरांचा जन्म १८५४ साली धारवाड भागातील नरगुंद येथे झाला. नरगुंद तेव्हा भावे घराण्याचे छोटेसे संस्थान होते. संस्थानिक भास्करराव ऊर्फ बाबासाहेब भावे विद्याव्यासंगी होते आणि त्यांच्या पदरी संस्कृत ग्रंथांचा मोठा संग्रह होता. व्यंकटेश चार वर्षांचे असताना, १८५८ च्या मे महिन्यात, बाबासाहेबांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. उठाव काही दिवसांतच मोडला गेला आणि १२ जून १८५८ रोजी बेळगाव येथे बाबासाहेबांना फाशी देण्यात आले. संस्थान खालसा झाले. सत्तावीस वर्षांपूर्वी, १८३१ साली, संगोळ्ळी रायण्णाचा आपल्या नंदगडच्या भूमीवर असाच अंत झाला होता. त्यामुळे नरगुंदच्या या हकिगतीचा अर्थ येथील वाचकांना वेगळा सांगण्याची आवश्यकता नाही. आश्रय देणारे राज्य बुडाले, की शास्त्री-पंडितांच्या पुढील पिढीला पोटापाण्यासाठी नवा मार्ग शोधावा लागतो. हा नवा मार्ग इंग्रजी शाळेतून जात होता.

केतकरांच्या घरी ज्योतिषाची परंपरा होती. वडील बापूशास्त्री त्या शास्त्राचे जाणकार होते, त्यामुळे ग्रहांचे गणित लहानपणापासूनच कानांवर पडत होते. पुढे बेळगावच्या इंग्रजी शाळेत त्यांचे शिक्षण मॅट्रिकपर्यंत झाले. महाविद्यालयाची पायरी त्यांनी चढली नाही. उच्च गणिताची पदवी नाही, वेधशाळा नाही, जवळपास या विषयाचे मोठे ग्रंथालयही नाही, अशा स्थितीत त्यांनी सरकारी शाळाखात्यात शिक्षकाची नोकरी पत्करली. बागलकोटच्या इंग्रजी शाळेत त्यांचा दीर्घ काळ गेला. तेथेच ते मुख्याध्यापक झाले आणि १९११ साली सेवानिवृत्त झाले. दिवसा शाळा आणि उरलेल्या वेळात आकडेमोड असा त्यांचा क्रम होता. त्यांचे मुख्य ग्रंथ या मास्तरकीच्या काळात आकाराला आले, ही गोष्ट त्यांच्या चरित्राचा विचार करताना सतत ध्यानी ठेवावी लागते.

पंचांग का चुकत होते?

केतकरांच्या कार्याची महती कळण्यासाठी त्यांच्या पूर्वीची स्थिती थोडक्यात पाहिली पाहिजे. महाराष्ट्रात आणि कर्नाटकाच्या बऱ्याच भागात पंचांगे गणेश दैवज्ञांच्या ग्रहलाघव या ग्रंथावरून होत असत. कोकणातील नांदगावच्या या असामान्य गणितज्ञाने १५२० साली म्हणजे शके १४४२ मध्ये हा करणग्रंथ रचला. त्याची विशेषता अशी, की गणेश दैवज्ञांनी ज्या-कोज्या म्हणजे त्रिकोणमितीची कोष्टके साफ वगळली आणि त्यांच्या जागी साधे गुणाकार-भागाकार योजून जवळजवळ तितकीच अचूक उत्तरे काढून दाखविली. युगारंभापासूनचे प्रचंड अहर्गण टाळण्यासाठी त्यांनी अकरा वर्षांचे, ४०१६ दिवसांचे चक्र बसविले. साध्या जोशीबुवांनाही पाटीवर ग्रह काढता यावेत, एवढी सोय त्यात होती. परंतु करणग्रंथाचे आयुष्य मर्यादित असते. ग्रहगतीच्या मूळ आकड्यांत राहिलेला सूक्ष्म फरक वर्षानुवर्षे साचत जातो. घड्याळ रोज एक क्षण मागे पडावे आणि वर्षांनंतर त्यात गाडी चुकण्याइतका फरक दिसावा, तसा हा प्रकार आहे. सूर्यसिद्धान्ताचे वर्ष प्रत्यक्ष नाक्षत्र वर्षाहून सुमारे साडेआठ पळांनी, म्हणजे साडेतीन मिनिटांनी मोठे आहे. वर्षाला साडेतीन मिनिटे ही काही मोठी चूक नव्हे, परंतु दीड हजार वर्षांत तिचे साडेतीन दिवसांहून अधिक होतात.

चंद्राचे दुखणे याहून निराळे होते. जुन्या ग्रंथांनी चंद्राला एकच मोठा संस्कार दिला होता. तो मंदफलाचा असून त्याचे परम मान सुमारे ५ अंश आहे. प्रत्यक्षात चंद्रावर पृथ्वीप्रमाणेच सूर्याचेही आकर्षण चालते आणि त्यामुळे त्याच्या गतीत अनेक हेलकावे निर्माण होतात. खरे मंदफल सव्वासहा अंशांचे आहे. त्याखालोखाल सव्वा अंशाचा दुसरा संस्कार आहे आणि त्यानंतर सुमारे ३९ कलांचा तिसरा. अमावास्या-पौर्णिमेला पहिल्या दोहोंची वजाबाकी होऊन ५ अंश उरतात. आमच्या पूर्वजांनी ग्रहणांवरून चंद्र पारखला, म्हणून त्यांना ५ अंश मिळाले. त्यात त्यांची चूक नव्हती. परंतु अष्टमीच्या सुमारास त्याच दोन संस्कारांची बेरीज होते आणि चंद्र दोन-अडीच अंशांपर्यंत चुकू शकतो. तिथी ही सूर्य-चंद्रांतील १२ अंशांच्या अंतराने मोजतात. अडीच अंशांची चूक म्हणजे तिथीच्या समाप्तीत जवळजवळ पाच तासांचा फरक. अशा रीतीने ग्रहणे बरोबर येत आणि मधल्या तिथी चुकत. ग्रहण जुळले म्हणजे पंचांग शुद्ध, असे समजणाऱ्या सामान्य माणसाला ही चूक दिसण्याचा मार्गच नव्हता.

या विषयाला प्रथम हात घातला तो प्रा. केरो लक्ष्मण छत्रे यांनी. केरूनानांनी १८६० साली पाश्चात्त्य ग्रंथांच्या आधाराने ग्रहसाधनाची कोष्टके प्रसिद्ध केली आणि १८६५ पासून नॉटिकल आल्मनॅकवरून सिद्ध केलेले पंचांग काढले. तेच पुढे पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले. त्यानंतर विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी सायन पंचांगाचा पक्ष मांडला. दीक्षितांनी १८९६ साली भारतीय ज्योतिषशास्त्राचा आपला इतिहासग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा समकालीन ज्योतिषग्रंथकारांत बागलकोटच्या या शिक्षकाचीही नोंद घेतली.

ज्योतिर्गणित

केतकरांनी पाहिले, की नॉटिकल आल्मनॅकवरून पंचांग उतरविणे ही कायमची सोय नव्हे. ते पुस्तक विलायतेत होते, तेथील सरकारच्या खर्चाने छापले जाते आणि तेथील मध्याह्नाला अनुसरते. ज्याला ते मिळेल त्यालाच शुद्ध पंचांग करता येईल. बाकीच्यांनी मूळ पद्धतीने चुकीचे पंचांग करीत राहावे काय? पाश्चात्त्य ज्योतिषाचे सूक्ष्म मान घ्यावे, परंतु ते भारतीय पद्धतीच्या कोष्टकांत अशा रीतीने बसवावे, की संस्कृत जाणणाऱ्या कोणत्याही गावच्या जोशाला कोणावर अवलंबून न राहता ग्रह काढता यावेत, हा त्यांचा संकल्प होता. हा संकल्प ज्योतिर्गणित या ग्रंथाने सिद्धीस गेला.

ही कामगिरी वरवर पाहता भाषांतराची वाटते. प्रत्यक्षात ते खडतर गणित आहे. ग्रह दीर्घवर्तुळात फिरतो. त्याची मध्यम गती ठाऊक असली, तरी विवक्षित क्षणी तो कोठे असेल हे सांगणारे समीकरण एका फटक्यात सुटत नाही. उत्तराचा अंदाज करावा, तो परत समीकरणात घालावा, निघालेले उत्तर पुन्हा घालावे, असे करीत सत्याच्या जवळ जावे लागते. आपल्या प्राचीन आचार्यांनी यालाच असकृत्कर्म म्हटले आहे. चंद्राच्या बाबतीत तर सूर्य, पृथ्वी आणि चंद्र अशी तिघांची ओढाताण असल्याने नेमके सूत्रच मिळत नाही. लहान-मोठ्या शेकडो पदांची मालिका मिळते आणि तीतून कोणती पदे घ्यावीत, कोणती सोडावीत, सोडल्याने किती विकलांची चूक राहील आणि ती पंचांगाला सोसेल काय, याचा निर्णय गणितज्ञाला करावा लागतो. आज विद्यापीठांत संख्यात्मक विश्लेषण या नावाने शिकविली जाणारी गणिताची शाखा नेमके हेच करते. जे तंतोतंत सुटत नाही ते सोडविण्यासाठी पुरेसे जवळचे उत्तर काढणे आणि ते किती जवळचे आहे हे सांगता येणे, हा तिचा गाभा होय. गणेश दैवज्ञ आणि केतकर हे या विद्येचे आपल्या मातीतले साधक होते, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

कोष्टक रचणाऱ्याचे कौशल्य आणखी एका ठिकाणी दिसते. कोष्टकातील दोन ओळींमधील अंतर फार ठेवले, तर मधल्या जागी त्रैराशिकाने काढलेले उत्तर चुकते. अंतर फार कमी ठेवले, तर ग्रंथ इतका वाढतो की छापणेही परवडत नाही आणि वापरणेही. संस्कार कधी धन, कधी ऋण येत असतील, तर सामान्य गणकाच्या हातून चिन्हाची चूक होते, म्हणून कोष्टक अशा तऱ्हेने मांडावे लागते की शक्यतो बेरीजच करावी लागावी. अशा शेकडो लहान लहान निर्णयांतून एक उपयुक्त कोष्टकग्रंथ उभा राहतो. त्यात एक आकडा चुकला, तर तो वापरणाऱ्या प्रत्येकाच्या पंचांगात ती चूक जाते. गणनयंत्राच्या साहाय्याशिवाय, कागद आणि बोरू-टाकाच्या आधारावर, शाळेचे काम सांभाळून एका माणसाने हे केले, हे आज संगणकाच्या युगात ध्यानात येणेही कठीण आहे.

ज्योतिर्गणित हा आकराने आणि व्याप्तीने मोठा ग्रंथ होता. नित्याच्या पंचांगकर्त्यासाठी केतकरांनी वैजयंती हा तिथ्यादी पंचांगे काढण्याचा सुटसुटीत ग्रंथ केला आणि ग्रहलाघवाचा वारसा पुढे नेणारे केतकी ग्रहगणितम् हे करण संस्कृत श्लोकांत रचले. श्लोकांत का, असे आजच्या वाचकाला वाटेल. त्याचे कारण सरळ आहे. ज्यांच्यासाठी ते लिहावयाचे होते ते शास्त्री नियम पाठ करीत असत, आणि मराठी, कानडी, तेलुगू, गुजराती अशा सर्व प्रांतांतील पंचांगकर्त्यांना समान असलेली भाषा संस्कृतच होती. दोन भाषांच्या सीमेवर वावरलेल्या माणसाला ही गोष्ट इतरांहून लवकर कळली असावी. केतकी ग्रहगणितावर पुढे त्यांचे पुत्र दत्तराज यांनी उपपत्ती सांगणारी टीका लिहिली. नक्षत्रविज्ञानादी त्यांची इतर पुस्तकेही आहेत.

इतिहास संशोधकांचे ऋण

निवृत्तीनंतर केतकर विजापुरास राहिले, परंतु त्यांच्या लेखणीला निवृत्ती नव्हती. १९२३ साली रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेने त्यांचा भारतीय आणि परदेशी कालगणनेवरील इंग्रजी ग्रंथ आपल्या नियतकालिकाचा विशेष अंक म्हणून प्रसिद्ध केला. इसवी सनापूर्वी ३१०२ पासून इसवी सन २१०० पर्यंतच्या कालावधीची कोष्टके त्यात आहेत. वैदिक, चिनी, ज्यू, ख्रिस्ती आणि कॉप्टिक कालगणनांचाही त्यात परामर्श घेतलेला आहे. कदंबांच्या हलशीपासून बदामीपर्यंत आणि गोव्यापासून विजापूरपर्यंत आपला हा सारा मुलूख ताम्रपटांनी आणि शिलालेखांनी भरलेला आहे. त्यांपैकी पुष्कळांत तिथी, वार, नक्षत्र दिलेले असते आणि तो दिवस नेमका कोणता, हे ठरविल्यावाचून इतिहासाचा धागा जुळत नाही. हे ठरविण्याचे साधन ज्यांनी संशोधकांच्या हाती दिले, त्यांत केतकरांची गणना करावी लागते. आपले ग्रंथालय बाल्यावस्थेत होते त्या सुमारास, येथून फार दूर नसलेल्या विजापुरात सत्तरीला आलेला हा वृद्ध गणक पाच हजार वर्षांचे दिवस मोजून ठेवीत होता.

रेवती की चित्रा?

केतकरांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा वाद मात्र गणिताच्या कडेला असलेल्या एका प्रश्नावरून झाला. राशिचक्राचा आरंभ कोठून धरावा, हा तो प्रश्न. संपातबिंदू दर वर्षी सुमारे ५० विकला मागे सरतो, म्हणजे ७२ वर्षांत एक अंश. निरयन पंचांगाला म्हणून एखाद्या स्थिर ताऱ्याचा आधार घ्यावा लागतो. सूर्यसिद्धान्तात रेवतीचा तारा आरंभस्थानाच्या अगदी निकट आणि चित्रेचा तारा बरोबर १८० अंशांवर, म्हणजे समोर सांगितला आहे. आकाशात मात्र दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या होत नाहीत. रेवतीचा म्हणून धरला जाणारा झीटा पिशियम हा तारा आणि चित्रेच्या समोरचा बिंदू यांत जवळजवळ ४ अंशांचे अंतर आहे. केरूनानांनी रेवतीचा तारा प्रमाण मानला होता. डेक्कन कॉलेजात केरूनानांचे विद्यार्थी असलेले लोकमान्य टिळक यांनी तोच पक्ष उचलून धरला. केतकर चित्रापक्षाचे खंदे पुरस्कर्ते ठरले. रेवतीचा तारा मंद आहे, डोळ्यांना जेमतेम दिसतो आणि जुन्या ग्रंथकारांना तोच अभिप्रेत होता याची खात्री देता येत नाही. चित्रा प्रथम प्रतीची तेजस्वी तारका असून तिच्या ओळखीविषयी संशय नाही. शिवाय चित्रा धरली असता परंपरेने चालत आलेल्या संक्रांती फारशा हलत नाहीत. चित्रापक्षाच्या युक्तिवादाचा सारांश हा असा होता.

चार अंशांचा फरक म्हणजे सूर्याच्या गतीने चार दिवस. त्याचा परिणाम घराघरांत दिसतो. टिळक पंचांगाप्रमाणे मकरसंक्रांत १० जानेवारीला येते, तर इतरांकडे १४ किंवा १५ जानेवारीला. संक्रांत चार दिवस अलीकडे आली, की केव्हा केव्हा अधिक मास निराळा पडतो आणि मग एका घरचा गणेशोत्सव वा दिवाळी दुसऱ्या घराहून महिनाभर मागेपुढे होते. कोकणात आणि इतरत्रही टिळक पंचांग मानणारी कुटुंबे आहेत, तेथील वाचकांना हा अनुभव नवीन नाही. मुंबई, पुणे आणि सांगली येथे भरलेल्या ज्योतिषपरिषदांतून हा प्रश्न पुनःपुन्हा चर्चिला गेला, तरी एकमत झाले नाही. १९२० च्या सांगली परिषदेच्या वर्षीच लोकमान्य निवर्तले आणि त्यांच्या नावाचे पंचांग त्यांच्या पक्षाने चालू ठेवले.

या वादात एक बाजू शहाणी आणि दुसरी अडाणी, असे मानणे अन्यायाचे होईल. आकाशात दिसते तेच पंचांगात असावे, हे दोन्ही बाजूंना मान्य होते. खरा विरोध होता तो जुन्या गणिताला चिकटून राहणाऱ्यांचा. तिथीची वाढ पाच घटकांहून अधिक आणि क्षय सहा घटकांहून अधिक होता कामा नये, असा बाणवृद्धी-रसक्षयाचा नियम ते पुढे करीत. सूक्ष्म गणिताने वाढ सात घटकांपर्यंत आणि क्षय दहा घटकांपर्यंत जातो. धर्मशास्त्राने तिथीचे नियम जुन्या मानावर बसविले आहेत, आकाश काहीही म्हणो, असा त्यांचा आग्रह होता. केतकरांना एकाच वेळी या सनातन मताशी आणि लोकमान्यांसारख्या देशमान्य पुरुषाच्या मताशी असहमती दर्शवावी लागली. बागलकोटच्या मास्तरापाशी त्यासाठी सत्ता नव्हती, वर्तमानपत्र नव्हते, अनुयायीवर्ग नव्हता. होती ती केवळ कोष्टके.

वरुणापलीकडचे ग्रह

केतकरांचे नाव महाराष्ट्राबाहेर ज्या कारणाने क्वचित घेतले जाते, ते कारण मात्र वेगळे आहे. १८४६ साली फ्रेंच गणिती लेव्हेरिए यांनी युरेनसच्या गतीतील विसंगतीवरून अज्ञात ग्रहाचे स्थान गणिताने काढले आणि बर्लिनच्या वेधशाळेत गाल यांना सांगितल्या जागेपासून एक अंशाच्या आत तो सापडला. हाच नेपच्यून, म्हणजे आपला वरुण. कागदावरील आकड्यांनी आकाशातला ग्रह शोधता येतो, या घटनेने साऱ्या जगातील गणितज्ञांच्या मनावर मोहिनी घातली. वरुणाच्याही पलीकडे काही असेल काय, या विचाराने अनेक जण कामाला लागले. १९११ साली फ्रान्सच्या ज्योतिषसंस्थेच्या पत्रिकेत केतकरांचा या विषयावरील लेख प्रसिद्ध झाला. गुरूच्या आतल्या तीन मोठ्या उपग्रहांच्या गतींत एक सुंदर संबंध आहे. पहिल्याची गती आणि तिसऱ्याच्या गतीची दुप्पट यांची बेरीज दुसऱ्याच्या गतीच्या तिप्पट होते. लाप्लास यांनी सिद्ध केलेल्या या संबंधाच्या धर्तीवर केतकरांनी बाहेरच्या ग्रहांचा विचार केला आणि दोन ग्रह सुचविले. त्यांना त्यांनी ब्रह्मा आणि विष्णू अशी नावे दिली. पृथ्वी-सूर्य अंतर १ मानले असता ब्रह्म्याचे सूर्यापासूनचे मध्यम अंतर ३८.९५ आणि प्रदक्षिणाकाल सुमारे २४२ वर्षे असावा, असे त्यांचे गणित होते.

१९३० च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील लोवेल वेधशाळेत क्लाइड टॉम्बो यांना छायाचित्रांच्या काचपट्ट्यांवर नवा ग्रह सापडला आणि १३ मार्चला तो जाहीर झाला. प्लूटोचे मध्यम अंतर सुमारे ३९.५ आणि प्रदक्षिणाकाल सुमारे २४८ वर्षे ठरला. केतकरांचे आकडे त्याच्या विस्मयकारक रीतीने जवळचे होते. त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, वयाच्या शहात्तराव्या वर्षी विजापूर येथे केतकरांचे देहावसान झाले.

या योगायोगावरून केतकरांनी प्लूटो शोधून काढला, असे अभिमानाने सांगितले जाते. त्यांच्याविषयी आदर बाळगणाऱ्यानेच येथे सावध राहिले पाहिजे. त्यांनी अंतर आणि काल सांगितला, परंतु तो ग्रह आकाशात कोठे पाहावा हे सांगितले नव्हते. त्यांचा दुसरा ग्रह विष्णू आजतागायत सापडलेला नाही. युरेनस आणि वरुण यांच्या गती साधारणपणे दोनास एक या प्रमाणात असल्या, तरी त्यांच्यात गुरूच्या उपग्रहांसारखे पक्के बंधन नाही, हेही आता स्पष्ट झाले आहे. खुद्द पर्सिव्हल लोवेल यांचे भाकीतही असेच ठरले. प्लूटोचे वस्तुमान इतके अल्प निघाले, की तो मोठ्या ग्रहांना ओढूच शकत नाही. १९८९ साली व्हॉयेजर-२ यान वरुणाजवळून गेल्यावर त्याचे वस्तुमान नेमके कळले आणि ज्या विसंगतीसाठी नवा ग्रह शोधला जात होता ती विसंगतीच नाहीशी झाली. २००६ साली तर प्लूटोची गणना ग्रहांतून काढून बटुग्रहांत करण्यात आली. तेव्हा १९११ चा लेख हे एका कल्पक बुद्धीचे धाडस होते, असे म्हणावे आणि थांबावे. बागलकोटच्या शिक्षकाने पॅरिसच्या विद्वानांपुढे आपले गणित ठेवण्याचे धैर्य दाखविले, हेच पुरेसे गौरवाचे आहे. केतकरांची खरी कीर्ती ब्रह्म्यावर उभी नाही. ती चंद्राच्या कोष्टकांवर उभी आहे.

कार्याची फलश्रुती

केतकरांच्या मृत्यूनंतर पाव शतकाने त्यांच्या आयुष्यभराच्या दोन आग्रहांना राष्ट्रीय स्वरूप प्राप्त झाले. १९५२ साली भारत सरकारच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग-सुधारणा समिती नेमली. नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी आणि केसरीचे माजी संपादक ज. स. करंदीकर हे तिचे मराठी सदस्य होते. समितीचा अहवाल १९५५ साली प्रसिद्ध झाला. पंचांगाचे गणित आधुनिक, दृक्प्रत्यय देणारे असावे, हा निर्णय तर झालाच. शिवाय २१ मार्च १९५६ या दिवसाचे अयनांश २३ अंश १५ कला धरण्यात आले. हे मान चित्रापक्षाशी जुळणारे आहे. रेवतीपक्षाचे अयनांश तेव्हा सुमारे सव्वाएकोणीस अंश झाले असते. २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र शके १८७९ पासून, राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. महाराष्ट्रात सोलापूरच्या दाते पंचांगासह बहुसंख्य पंचांगे आज चित्रापक्षाचीच आहेत. टिळक पंचांगाचा प्रवाहही आपल्या निष्ठेने वाहतो आहे आणि त्यातही गणित सूक्ष्मच असते. जुन्या स्थूल गणिताचा पक्ष मात्र आपल्याकडे मागे पडला.

आता पंचांगकर्त्याला केतकरांची कोष्टके उघडावी लागत नाहीत. संगणक क्षणार्धात शतकाचे ग्रह काढून देतो. ज्योतिर्गणिताच्या प्रती जुन्या ग्रंथालयांच्या कपाटांत पिवळ्या पडल्या आहेत. करणग्रंथाचे भाग्य असेच असते. तो जितका उपयोगी पडतो, तितका त्याच्या पुढच्या ग्रंथात विरघळून जातो. ग्रहलाघवाची जागा केतकीने घेतली आणि केतकीची जागा यंत्राने. गणेश दैवज्ञांनी ग्रहलाघव रचला तो जुने करण जुळेनासे झाले म्हणून. केतकरांनी त्याच न्यायाने खुद्द गणेश दैवज्ञांचा ग्रंथ मागे सारला. पूर्वसूरींचे आकडे बदलून त्यांची पद्धत जपणे म्हणजे परंपरा, हा अर्थ त्यांनी वादाने नव्हे तर कामाने दाखवून दिला.

ग्रंथालयाच्या सभासदांना आणि आश्रयदात्यांना या चरित्रातून आणखी एक गोष्ट जाणवेल. पदवी नसलेल्या, वेधशाळा नसलेल्या एका तालुक्याच्या गावातील शिक्षकाला लेव्हेरिए आणि लाप्लास यांच्या विचारांपर्यंत पोहोचविले ते छापील पुस्तकांनी. पुस्तके त्याच्यापर्यंत आली, म्हणून त्याचे गणित पॅरिसपर्यंत गेले. आपल्यासारख्या छोट्या गावातील ग्रंथालय चालविणे म्हणजे काय, याचे याहून नेमके उत्तर आम्हांस सुचत नाही. कपाटातील कोणते पुस्तक कोणत्या वाचकाची वाट पाहत आहे, हे ग्रंथपालाला ठाऊक नसते आणि देणगीदारालाही नसते. म्हणून नव्या पुस्तकांबरोबर जुनी पंचांगे, जुने करणग्रंथ, वाळवीच्या तडाख्यातून वाचलेली जुनी पाने, हेही जतन करण्याचा आपण निश्चय करू या. पुढल्या गुढीपाडव्याला नव्या पंचांगाची पूजा करताना तिथीच्या शेजारचा घटका-पळांचा किंवा तास-मिनिटांचा तो बारीक आकडा क्षणभर न्याहाळावा. त्या आकड्यात नरगुंदला जन्मलेल्या आणि बेळगावात शिकलेल्या एका मास्तरांच्या अनेक रात्रींचे जागरण आहे.